गिटारच्या मानेला काय लावायचं?

(रेडिओवर झालेलं बोलणं, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरून दिलं आहे.)



मागे आपण खुरप्या-विळ्याच्या मुठींवर बोललो होतो. मूठ गुळगुळीत कशी ठेवायची, हाताला फोड येऊ नयेत म्हणून काय करायचं, असं ते बोलणं होतं. ते ऐकून एका ताईंचा निरोप आला. त्या म्हणतात, "माझ्या मुलीला तिच्या मामानं त्याची जुनी गिटार दिली. पोरगी मोबाइलवर बघून शिकते, रोज संध्याकाळी घेऊन बसते. पण त्या गिटारच्या दांड्याला हात चिकटतो. मागून अंगठा लागतो तिथलं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलंय. शेजारचे म्हणतात खोबरेल तेल चोळा. सुतार म्हणतो, सगळं खरवडून नवं पॉलिश मारू. काय करू?"

ताई, आधी उत्तर देते, मग कारण सांगते. खोबरेल लावू नका आणि सगळं खरवडूही नका. हे काम तुम्ही आणि तुमची मुलगी मिळून घरी करू शकता. फक्त एक गोष्ट अशी आहे की ती चुकली तर घराला आग लागू शकते. ती मी पुढे सांगणार आहे, तेव्हा ऐकताना मध्येच उठू नका.

ज्यांच्या घरी गिटार नाही त्यांनीही ऐका. कुदळीचा दांडा, जात्याचा खुंटा, भजनी मंडळाची वीणा, सगळ्यांना हाच नियम लागतो. हात जिथे रोज लागतो, त्या लाकडाला काय लावायचं, हाच आजचा विषय.

मान म्हणजे काय, आणि तिला पॉलिश कशाला?

गिटारचं पोट आणि त्यातून निघालेला लांब दांडा, त्या दांड्याला वाजवणारे 'नेक' म्हणतात. आपण मान म्हणू. मानेच्या पुढच्या बाजूला एक पातळ फळी चिकटवलेली असते. तिच्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीला पडदे असतात ना, तसंच काम त्यांचं. डाव्या हाताची बोटं या फळीवर तारा दाबतात, आणि अंगठा मागून मानेला आधार देत वर-खाली सरकत राहतो.

म्हणजे मानेच्या मागच्या बाजूचं काम काय? हाताला सरकू देणं. गाणं वाजवताना हात क्षणात इकडून तिकडे जायला हवा. तिथे हात चिकटला की सूर चुकतो, आणि शिकणाऱ्या पोरीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दोष तिचा नसतो, पॉलिशचा असतो.

मग पॉलिश नसलेलंच बरं, असं वाटेल. पण उघडं लाकूड घाम पितं, मळतं, काळं पडतं. पावसाळ्यात हवेतली ओल घेऊन ते फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. मान थोडी जरी वाकली तरी तारा फळीपासून जास्त उंच जातात किंवा पट्ट्यांना घासून खरखरतात. पॉलिशमुळे ओल थांबते असं नाही, पण आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा वेग कमी होतो. म्हणून काहीतरी लावायला हवंच.

जुनं पॉलिश कोणतं आहे ते आधी ओळखा

कारखान्यातून आलेल्या बहुतेक गिटारींवर चकचकीत, कडक लेप असतो. १९२० च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर नावाचा लेप आला. तो आधी मोटारींवर आणि मग वाद्यांवरही मारला जाऊ लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठे कारखाने पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनकडे वळले. हे लेप काचेसारखे कडक असतात. कारखान्याला ते सोयीचे, कारण लवकर सुकतात आणि वर्षानुवर्षं चमकतात. पण घामाचा हात अशा चकचकीत पृष्ठभागावर सरकत नाही, चिकटतो. स्टीलच्या ताटाला ओला तळवा लावून बघा, तसंच.

ओळखायची युक्ती सोपी आहे. मान जिथे पोटाला मिळते त्या जागी, म्हणजे कोणाचं लक्ष जात नाही अशा ठिकाणी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा. थोड्या वेळाने बोट लावून बघा. जागा मऊ, चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर थिनरचा थेंब लावा. त्याने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर तो हल्लीचा कडक लेप आहे असं धरून चाला.

आणि पॉलिश उडालं आहे असं वाटतं तिथे पाण्याचा थेंब ठेवा. थेंब गोल राहिला तर लेप अजून शिल्लक आहे. थेंब पसरून लाकूड गडद झालं तर तिथे लाकूड उघडं आहे. ते लगेच पुसून घ्या.

पहिला उपाय: काही लावूच नका

लेप शाबूत आहे आणि फक्त हात चिकटतो, अशी तक्रार असेल तर नवं काही विकत घेऊ नका. चमक मोडा, एवढंच काम आहे.

भांडी घासायची हिरवी घासणी असते ना, तिचा नवा, कोरडा तुकडा घ्या. मानेच्या मागच्या बाजूवर, लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने वर-खाली फिरवा. आडवं किंवा गोल फिरवू नका. पाच-सात मिनिटांत चमक जाऊन तिथे मंद, धुरकट झाक येते. फडक्याने पुसा आणि हात फिरवून बघा. फरक लगेच कळतो. अजून मऊ हवं असेल तर रंगाच्या दुकानात १००० किंवा १५०० नंबरचा वॉटर पेपर मिळतो, तो हलकेच फिरवा.

तारेची घासणी मात्र वापरू नका. ती फार भरड असते, खोल ओरखडे पडतात. शिवाय गिटार इलेक्ट्रिक असेल तर तिच्यात तारांखाली लोहचुंबक असतात, आणि घासणीचा बारीक लोखंडी चुरा त्यांना जाऊन चिकटतो.

पुष्कळ वाजवणारे मुद्दाम एवढंच करतात. लेप जागेवर राहतो, लाकूड सुरक्षित राहतं आणि हात सरकतो. खर्च एका घासणीचा. सुतार सगळं खरवडू म्हणतो तेव्हा त्याला हे सांगा. शिवाय बऱ्याच गिटारींचा रंग लाकडाला नसतो, लेपातच मिसळलेला असतो. खरवडला की खाली पांढरं लाकूड निघतं आणि मग रंग जुळत नाही. जास्त घासलं तर मानेचा आकारही बदलतो, आणि हाताला त्या आकाराची सवय झालेली असते.

दुसरा उपाय: सुकणारं तेल

ताईंच्या गिटारचं लाकूड अंगठ्याजवळ उघडं पडलंय. तिथे काहीतरी लावावं लागेल. आता तेलाकडे येऊ.

तेलं दोन जातीची असतात. काही तेलं कधीच सुकत नाहीत. खोबरेल, शेंगदाण्याचं. ही लाकडात जातात आणि ओलीच राहतात. त्यांच्यावर धूळ बसते, काही दिवसांनी खवट वास येतो आणि लाकूड चिकट होतं. पुढे त्यावर कोणतंही पॉलिश धरत नाही. म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला ऐकू नका. तूपही नको, हाताला लावायची क्रीमही नको.

दुसरी जात सुकणाऱ्या तेलांची. त्यात आपल्या ओळखीचं म्हणजे जवसाचं तेल. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जवस पिकतो, चटणी तर सगळीकडेच होते. हे तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा पातळ थर तयार होतो. पाणी वाळतं तसं ते उडून जात नाही, तर जागेवरच बदलतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, आगीचं कारण यातच आहे.

घाण्याचं कच्चं जवस तेल सुकायला आठवडे लागतात. म्हणून रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल' मिळतं, काही दुकानदार त्याला बेल तेल म्हणतात. त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. त्यामुळे ते खायचं नाही. पोळपाट, लाटणं, काठवट यांनाही लावायचं नाही. वाद्याला आणि अवजाराच्या दांड्याला चालतं.

गिटारची हौस असलेले काही लोक परदेशात बंदुकीच्या दस्त्याला लावायचं तेल मानेला लावतात. बंदुकीचा दस्ताही घामाच्या हातात असतो, म्हणून. आपल्याला त्याची गरज नाही.

तेलाचा गुण असा की हाताला लाकूडच लागतं, काच लागत नाही. आणि वर्ष-दोन वर्षांनी घासलं गेलं की त्याच जागी पुन्हा थोडं तेल चोळलं, की झालं. अवगुण असा की पाण्यापासून आणि घामापासून राखण थोडीच होते. ज्याच्या हाताला खूप घाम येतो त्याला ते वरचेवर लावावं लागतं.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. तेल उघड्या लाकडालाच लावायचं. जुन्या लेपावर लावलं तर ते आत जात नाही, वरच्या वर चिकट बसतं.

तिसरा उपाय: लाख

लाख म्हटलं की आपल्याला बांगड्या आठवतात. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे राहतात, त्यांनी केलेलं कवच म्हणजे लाख. देशात सर्वांत जास्त लाख झारखंडात होते, आणि तिच्या अभ्यासासाठी रांचीला १९२४ मध्येच संशोधन संस्था निघाली. आपल्या गोंदिया भागातही लाखेचा व्यापार जुना आहे. फांदीवरची लाख खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात. त्याला चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश तयार.

ऐकून नवल वाटेल, पण स्पेनमधल्या उत्तम गिटारींना परंपरेने हेच पॉलिश असतं. आंतोनियो दे तोरेस नावाचा कारागीर १८१७ ते १८९२ या काळात होऊन गेला. आजच्या स्पॅनिश गिटारचा आकार बराचसा त्याच्यामुळे ठरला. त्या परंपरेतले कारागीर आजही कापसाच्या बोळ्याने लाखेचे अगदी पातळ हात देतात. आपल्याकडच्या रानातल्या झाडावरची लाख अशी सातासमुद्रापार वाद्यावर चढते. आणि त्या गिटारींच्या पाठीला पुष्कळदा आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीचं लाकूड असतं. आपल्या मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा वाद्यांच्या कामातही चपड्याचं पॉलिश जुन्या ओळखीचं आहे.

घरी करायचं तर १०० मिलिलिटर स्पिरिटला साधारण १५ ग्रॅम चपडा पुरतो. काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. जेवढं लागेल तेवढंच करा. फार दिवस ठेवलेलं पॉलिश नीट सुकत नाही. काचेवर थेंब टाकून बघा. तो चिकटच राहिला तर फेकून द्या.

लाख लवकर सुकते, एका दिवसात चार-पाच हात होतात. नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, म्हणून डागडुजी फार सोपी. पण घाम, उष्णता आणि पाणी यांनी ती मऊ पडते. म्हणून जुन्या पॉलिशची चाचणी घेतली तेव्हा ते लाखेचं निघालं, तर लाखच लावा. नाहीतर रोज घामेजल्या हातात राहणाऱ्या मानेसाठी ती पहिली निवड नाही.

आणि एक इशारा. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असतं. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

चौथा उपाय: पुसून लावायचं पॉलियुरेथेन

ज्या मुलीच्या हाताला फार घाम येतो, किंवा जी कोकणासारख्या दमट भागात राहते, तिच्यासाठी हे बरं. एका डब्यातलं, ब्रशने लावायचं साधं पॉलियुरेथेन घ्या. डब्यावर 'मॅट' किंवा 'सॅटिन' लिहिलेलं असावं. 'ग्लॉसी' घेतलंत तर पुन्हा चिकटपणा पहिल्यासारखाच. त्यात तेवढंच टर्पेंटाइन मिसळून फडक्याने पातळ पुसून लावा. तीन-चार हात, दोन हातांमध्ये एक दिवस. टर्पेंटाइनने पातळ होतं का ते डब्यावर बघून घ्या, सगळ्या प्रकारांना ते चालत नाही.

ते घामाला दाद देत नाही. पण एकदा घासलं गेलं की नवा हात जुन्यात मिसळत नाही, जोड दिसतो. दोन डब्यांतलं, कडक करणारं औषध वेगळं मिसळायचं पॉलिश मात्र घरी फवारू नका. त्यातली वाफ फुप्फुसांना घातक असते. ते काम योग्य मास्क आणि जागा असलेल्या कारागिराचं.

राहिलं मेण. मधमाशांचं मेण हाताला फार छान लागतं, पण एकटं टिकत नाही. ते सगळ्यात शेवटी, अगदी थोडं. मेण लावलेल्या जागेवर दुसरं काहीही धरत नाही, म्हणून त्याचा नंबर शेवटचा.

मग निवडायचं कसं?

दुकानदाराला 'सगळ्यात चांगलं कोणतं' असं विचारू नका. त्याच्याकडे जे महाग आहे ते तो देईल. स्वतःला दोन प्रश्न विचारा. इथे हात काय करतो? आणि पुढच्या वर्षी हे खराब झालं तर दुरुस्त कोण करणार?

पाट आहे, त्यावर नुसतं बसायचं आहे, पाणी सांडतं, तर कडक लेप चांगला. खुरप्याच्या मुठीवर हात घासतो, तिथे चकचकीत लेपाने फोड येतात, म्हणून तेल. गिटारच्या मानेवर हात सरकतो आणि घामेजतो. दुरुस्ती आपली आपल्यालाच करायची आहे. म्हणून लेप शाबूत असेल तर फक्त चमक मोडा. लाकूड उघडं पडलं असेल तर तेवढ्या जागी तेल. घाम फार असेल तर मॅट पॉलियुरेथेन.

ताईंसाठी माझा सल्ला असा: उघड्या जागी जवसाचं तेल आणि बाकी मानेची चमक मोडायची.

काम कसं करायचं

हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला करा. भर पावसात तेल सुकायला फार वेळ घेतं.

तारा सैल करून एका बाजूला घ्या. मान पोटापासून काढायचा प्रयत्न करू नका. समोरच्या फळीच्या कडेला दोन्ही बाजूंनी कागदी मास्किंग टेप लावा. फळी, पट्ट्या आणि वरच्या टोकाच्या खुंट्या यांना हात लावायचा नाही.

नाका-तोंडाला मास्क लावा. नुसता पदर पुरत नाही, लाकडाची आणि जुन्या लेपाची धूळ फार बारीक असते. उडालेल्या लेपाची कड बोटाला लागते, ती ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हळूहळू उतरती करा, म्हणजे पायरी जाणवणार नाही. मग ४०० नंबरचा फिरवा. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मळ आणि काळेपणा जाईल तेवढंच, जास्त नाही. टर्पेंटाइनने किंचित ओल्या केलेल्या फडक्याने धूळ पुसा आणि वाळू द्या.

आता सुती फडक्यावर चहाच्या चमच्यात मावेल एवढंच तेल घ्या आणि उघड्या लाकडावर चोळा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग दुसऱ्या, कोरड्या फडक्याने जोर लावून सगळं पुसून काढा. जणू काही लावलंच नाही असं वाटलं पाहिजे. बहुतेक जणी इथेच चुकतात. तेल जास्त राहिलं तर लाकूड जास्त मुरेल असं वाटतं, पण वर राहिलेलं तेल गोंदासारखं होतं आणि पुन्हा चिकटतं.

एक दिवस थांबा. बोट लावून चिकट वाटलं तर अजून एक दिवस. गिटार सावलीत, वारा लागेल अशी ठेवा. उन्हात नको, उन्हाने सांध्यांचा गोंद सैल होतो. असे तीन-चार हात द्या. दर वेळी आधी ६०० नंबरचा पेपर हलकेच फिरवा. शेवटी बाकी मानेवर हिरवी घासणी फिरवली की सगळीकडे हात सारखाच सरकेल. आठवड्या-दोन आठवड्यांनी वाटलं तर मेणाचं बोट फिरवून कोरड्या फडक्याने चोळून काढा.

आता चिंध्यांचं ऐका

सुरुवातीला म्हटलं ते हेच. जवसाचं तेल सुकताना प्राणवायू घेतं आणि त्यातून उष्णता निघते. लाकडावर तेल पसरलेलं असतं, उष्णता हवेत निघून जाते. पण तेच तेल लागलेली चिंधी चुरगळून, गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर आतली उष्णता आतच साठते. उष्णता वाढली की तेल आणखी वेगाने सुकतं, आणखी उष्णता निघते. असं होत होत काही तासांनी ती चिंधी पेट घेते. काडी नको, ठिणगी नको. काम झाल्यावर, घरातले सगळे झोपल्यावर.

हे भीती घालायला सांगत नाही. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ३८ मजली इमारतीला आग लागली. लाकडी पॅनेल पॉलिश करणाऱ्या कामगारांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या मजल्यावर तशाच सोडल्या होत्या. आगीत तीन अग्निशामक जवानांचा जीव गेला, आठ मजले जळाले, आणि शेवटी ती इमारत पाडावी लागली. सुरुवात चिंध्यांच्या ढिगाने झाली होती.

आपल्या घरात तर चिंध्यांना तोटाच नाही. गोधडीसाठी जुन्या साड्यांचं बोचकं बांधलेलं असतं. काम झालं की सवयीने हातातली चिंधी आपण त्यातच टाकतो. तेवढं करू नका.

तेलाची प्रत्येक चिंधी काम संपताच उलगडून घराबाहेर तारेवर, एकेक सुटी वाळत घाला. एकावर एक नाही. चूल, गवताची गंजी, सरपण यांपासून लांब. दोन-तीन दिवसांनी ती पापडासारखी कडक झाली की मग टाकून द्या. बाहेर जागा नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाणी भरून चिंधी त्यात पूर्ण बुडवा आणि झाकण लावा. तेल लागलेले पॉलिश पेपरचे तुकडे आणि हिरवी घासणी यांचंही असंच करा. स्पिरिट, थिनर आणि टर्पेंटाइनचं काम चुलीजवळ, शेगडीजवळ किंवा देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ करू नका. त्यांची वाफ लांबूनही पेट घेते.

बचत गटातल्या आठ-दहा जणींनी मिळून तेलाचा एक डबा आणला तर सगळ्यांच्या अवजारांचे दांडे होतील आणि एखाद्या घरची गिटारही. डब्यावर चिठ्ठी लावा: 'खायचं नाही. चिंधी उलगडून वाळत घालावी.' ज्या बाईला वाचता येत नाही तिला ते तोंडाने सांगा, आणि डबा पुढच्या घरी देताना पुन्हा सांगा.

आणि ताई, शेवटचं. हे काम मुलीलाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा. चिंधी तारेवर तिच्याच हाताने घालू द्या. जिने स्वतः चार दिवस हात चोळून मान तयार केली, ती गिटार कोपऱ्यात टाकून देणार नाही. पुढच्या वर्षी पॉलिश पुन्हा उडालं तर ती कोणाला विचारायलाही जाणार नाही.

तिचं पहिलं गाणं बसलं की आम्हाला कळवा. तिला हवं असेल तर ती रेडिओवर येऊन वाजवेल, आपण सगळ्याजणी ऐकू.

नमस्कार.